रानजीव: चालींचा तोल पुन्हा बसवताना (प्रकल्प नोंदी)

४ मे २०२५

रानजीव हा आपला जीवांच्या लढायांचा खेळ. आजपासून फक्त त्यातल्या चालींच्या तक्त्यावर काम. नवे जीव, नवे नकाशे, नवी चित्रं बंद. खेळात आता २४ जीव आणि ६ प्रकार आहेत (आग, पाणी, पाला, खडक, वारा, काळोख). अडचण एकच आहे. चाचणीला बसलेला प्रत्येक जण तिसऱ्या लढाईपर्यंत 'वणवा' शिकतो आणि मग दुसऱ्या कुठल्याच चालीला हात लावत नाही.

अंदाजाने आकडे हलवायचे नाहीत. त्यासाठी आधी मोजपट्टी ठरवली. दोन्ही बाजूंना पातळी २०, सगळे मूळ गुण ७०, स्वतःच्या प्रकाराची चाल, समोरचा असा की प्रकाराचा गुणक १ (पुढे यालाच 'साधा प्रकार' म्हटलंय), खास फटका (नशिबाने जास्त लागणारा) बंद. आपल्या सूत्राने अशा जीवाचा जीव (एचपी, म्हणजे पडण्याआधी किती नुकसान सोसतो) ५८ येतो आणि हल्ला व बचाव प्रत्येकी ३३.

नुकसानीचं सूत्र पोकेमॉनच्या धाटणीचंच आहे: पातळीची दुप्पट भागिले ५, अधिक २, त्याला चालीची ताकद आणि हल्ला यांनी गुणायचं, बचावाने भागायचं, मग ५० ने भागायचं, शेवटी २ मिळवायचे. नंतर स्वतःच्या प्रकाराचे दीडपट, प्रकाराचा गुणक, आणि सर्वांत शेवटी ८५ ते १०० टक्क्यांमधला एक आकडा. प्रत्येक पायरीला अपूर्णांक कापायचा. हे कापणं पुढे फार महत्त्वाचं ठरतं.

६ मे

मोजपट्टीवर ताकद पाच-पाचने वाढवत नेली आणि प्रत्येक वेळी 'किती फटक्यांत पडतो' एवढंच लिहिलं. निकाल:

ताकद ६०: नुकसान १७ ते २१. तीन फटक्यांत पडण्याची शक्यता ३४.८ टक्के, नाहीतर चार लागतात.
ताकद ६५: १८ ते २२. तीन फटक्यांत ८६.२ टक्के.
ताकद ७०: २० ते २४. तीन फटक्यांत नक्की.
ताकद ८०: २२ ते २७. तीन फटक्यांत नक्की, दोनांत कधीच नाही.
ताकद ८५: २३ ते २८. तेच.
ताकद ९०: २५ ते ३०. दोन फटक्यांत ८.६ टक्के, बाकी तीन.
ताकद ११०: ३० ते ३६. दोन फटक्यांत नक्की.

म्हणजे ६० ची ६५ केली की चाल पार बदलते. ७० ची ८५ केली तर या मोजपट्टीवर काडीचा फरक पडत नाही. आजवर आपण ८५ ची ७५ करून 'कमी केली' म्हणत होतो, तेव्हा प्रत्यक्षात काहीच कमी झालेलं नव्हतं. चालीच्या नावापुढचा आकडा खेळणाऱ्याला दिसतो, पण त्याला जाणवतात ते फटके. यापुढे तक्त्यात प्रत्येक चालीपुढे 'फटके' हा रकाना राहील आणि चर्चा त्याच्यावरच होईल.

मोजपट्टी हे एकच माप आहे, सगळा खेळ नव्हे. पाया नीट बसला की २४ गुणिले २४ अशा ५७६ जोड्या चाचणी प्रोग्रामात लावायच्या.

९ मे

वणवा. आग, ताकद ९०, नेम १०० (शंभरात किती वेळा लागते), भाजण्याची शक्यता ३०, दम १५ (चाल किती वेळा वापरता येते).

पहिली सूचना आली ती ताकद ८० करण्याची. वरचा तक्ता पाहिला तर ९० वरून ८० केल्याने जातात ते फक्त दोन फटक्यांतले ८.६ टक्के. लोक वणवा घेतात ते त्यासाठी नाही. खरी ताकद भाजण्यात आहे, म्हणून ते मोजलं.

भाजलेल्या जीवाचा दर फेरीला सोळावा भाग जातो, म्हणजे ५८ पैकी ३. हे किरकोळ आहे. पण भाजल्यावर अंगबळाचा हल्ला निम्मा होतो, ३३ चा १६. मग समोरच्याच्या ८० ताकदीच्या चालीचं नुकसान २७ वरून १३ वर येतं आणि त्याला तीनऐवजी पाच किंवा सहा फटके लागतात. एकदा भाजला की तो लढाई हरलेलाच असतो, फक्त पडायचा बाकी राहतो.

आता शक्यता. वणव्याला तीन फटके लागतात, पण तिसऱ्याला समोरचा पडतोच, त्यामुळे भाजण्याची संधी पहिल्या दोन फटक्यांचीच धरायची. ३० टक्के असेल तर दोनात एकदा तरी भाजण्याची शक्यता ५१ टक्के. १० टक्के केली तर १९. कापायचं ते इथे.

ठरलं: ताकद ८०, नेम १००, भाजणे १०, दम १५. पोकेमॉनच्या फ्लेमथ्रोवर या आगीच्या चालीलाही भाजण्याची शक्यता १० टक्केच आहे, आणि २०१३ मध्ये त्याची ताकद ९५ वरून ९० केली तेव्हा ते १० तसेच ठेवले. नक्कल म्हणून नव्हे, आपलं गणितही तिथेच येतं म्हणून हा आकडा घेतला.

'निखारा' ६० वरून ६५. सुरुवातीची चाल आहे, चार फटके फार लांबतात.

१० मे

चाचणी प्रोग्राम आणि खेळ यांचे आकडे जुळेनात. प्रोग्राम निखाऱ्याचं जास्तीत जास्त नुकसान २२ सांगतो, खेळ २२.५ देतो. शिवाय एक विचित्र तक्रार: पट्टीवर जीव ० दिसतो पण जीव पडत नाही, आणखी एक फटका मागतो.

कारण सापडलं. चाली आपण जेसन फाइलमध्ये (साध्या मजकुरात माहिती ठेवायची पद्धत) ठेवतो आणि गोडो (ज्यात खेळ बनवतो ते साधन) जेसनमधला प्रत्येक आकडा अपूर्णांकी म्हणून वाचतो. ६५ लिहिलं तरी आत ६५.० येतं. मग पुढचा प्रत्येक भागाकार अपूर्णांकी होतो आणि कापणं होतच नाही. उरलेला जीव ०.४ असेल तर पट्टी ० दाखवते, पण 'शून्य किंवा कमी' ही अट पूर्ण होत नाही.

उपाय: फाइल वाचतानाच ताकद, नेम, दम, शक्यता आणि जीवांचे मूळ गुण पूर्णांकात बदलून घ्यायचे. एकदाच, एकाच जागी. लढाईच्या कोडमध्ये जागोजागी बदलत बसलं तर एखादी जागा राहूनच जाते.

११ मे

कालच्या दुरुस्तीने दुसरी चूक उघडी पाडली. केळबा या जीवाचे सगळे फटके २-३ चेच लागायला लागले, चाल कुठलीही असो.

सूत्र लिहिताना 'हल्ला भागिले बचाव' हे आधी कंसात घेतलं होतं. आकडे अपूर्णांकी होते तोवर क्रमाने फरक पडत नव्हता. पूर्णांक झाल्यावर ३३ भागिले ४० म्हणजे ०. मग उरतात फक्त शेवटचे २, त्यांचे दीडपट ३, आणि टक्के लावून कापलं की बहुतेक वेळा पुन्हा २. बचावापेक्षा हल्ला कमी असलेल्या प्रत्येक जोडीत हेच होत होतं.

नियम: आधी सगळे गुणाकार, मग भागाकार. पातळीचंही तसंच. पातळी १९ ला '१९ भागिले ५ गुणिले २' केलं तर ६ येतात, '१९ गुणिले २ भागिले ५' केलं तर ७. एक आकड्याचा फरक दिसतो लहान, पण सुरुवातीच्या पातळ्यांवर तो एक अख्खा फटका वाढवतो.

दोन्ही दुरुस्त्यांनंतर प्रोग्राम आणि खेळ ताकद ४० ते १२० पर्यंत तंतोतंत जुळले. ६ मेचा तक्ता प्रोग्रामातून काढलेला, त्यामुळे तो तसाच खरा आहे.

१५ मे

गोफण. खडक, ताकद २५, नेम ९०, दोन ते पाच दगड. शेतात पाखरं हाकायची गोफण आहे, एकामागून एक गुंडे सुटतात. चालीचा स्वभाव हाच ठेवायचा.

दगडांचं वाटप: दोन आणि तीनची शक्यता प्रत्येकी ३/८, चार आणि पाचची प्रत्येकी १/८. सरासरी बरोबर ३. म्हणून सगळे हिला ७५ ताकदीची चाल समजत होते. तशी ती नाही.

सूत्रातले शेवटचे २ दर दगडाला वेगळे मिळतात. पातळी ५ ला दीडपट धरण्याआधी ७५ ची एक चाल ८ देते, २५ चे तीन दगड ४-४-४ म्हणजे १२ देतात. चक्क दीडपट. पातळी ५० ला ३५ विरुद्ध ३९. म्हणजे गोफण सर्वांत जबर असते ती खेळाच्या पहिल्या तासात, जिथे नवखा खेळणारा असतो आणि समोरच्याकडे गोफण असते. घोरप्या या जीवाची पहिली लढाई फार अवघड आहे ही तक्रार इथून येत होती, घोरप्याचे गुण उगाच कमी केले.

ताकद २०. पातळी ५ ला दगडामागे ३, दीडपट ४, तीन दगडांचे १२. ७५ च्या एका चालीचेही १२. पातळी २० ला २७ विरुद्ध २५, पण छोट्या आकड्यांवर कापणं जास्त बसतं (९ चे बहुतेक वेळा ८ होतात), त्यामुळे प्रत्यक्षात जवळपास सारखं. पातळी ५० ला गोफण मागे पडते, ४५ विरुद्ध ५२. पडू दे. तोवर घोरप्याला 'दरड' मिळालेली असते.

घोरप्याचे मूळ गुण ३ एप्रिलच्या आधीचे परत केले.

नेम एकदाच तपासायचा, खास फटका दर दगडाला वेगळा.

१८ मे

महापूर. पाणी, ताकद ११०, नेम ८०, दम ५.

ताकद १०० करून पाहिली. दोन फटक्यांत पडण्याची शक्यता १०० वरून ८९.५ टक्क्यांवर आली, एवढंच. इथे ताकद हे चुकीचं हत्यार आहे. नेम मोजला:

नेम ८०: दोन फेऱ्यांत दोन्ही लागण्याची शक्यता ६४ टक्के, तीन फेऱ्यांत दोन लागण्याची ८९.६.
नेम ७०: ४९ आणि ७८.४.
नेम ६०: ३६ आणि ६४.८.

तुलना ८० ताकदीच्या बिनचूक चालीशी. ती तीन फेऱ्यांत नक्की पाडते, दोनांत कधीच नाही. नेम ८० असताना दहातला एक वेळ गमावून जवळजवळ दोन तृतीयांश वेळा एक फेरी वाचते. असा सौदा कोण सोडेल? ७० ला निम्म्या वेळा फेरी वाचते आणि पाचातून एकदा थोडी जास्त फसगत होते. निवड खरी व्हायला एवढी जोखीम हवी. ६० ला लोक चाल शिकवतच नाहीत.

११०/७०/५ पक्कं. तापोरी या जीवाला पातळी ३४ ला मिळेल, आधी २८ होती.

दरड (ताकद ७५, नेम ९०, समोरचा दचकून फेरी गमावण्याची शक्यता ३०): घोरप्याकडे असेल तर काहीच धोका नाही, कारण समोरचा आधी हलून गेलेला असतो आणि दचकण्याचा उपयोग होत नाही. धोका आधी हलणाऱ्या तरशीकडे. तिच्याकडून काढली.

२२ मे

मोहगुंगी. झोप आणणारी चाल, नेम ७५, झोप एक ते तीन फेऱ्या, तिन्हींची शक्यता सारखी.

हिशेब सरळ आहे. ही चाल करायला आपली एक फेरी जाते. बदल्यात समोरच्याच्या सरासरी दोन फेऱ्या जातात, गुणिले नेम. नेम ७५ ला १.५, ६० ला १.२, ५० ला बरोबर १, म्हणजे ना नफा ना तोटा. १ च्या खाली गेली तर चाल मरते, १.५ ला ती प्रत्येक जीवाची पहिली चाल होते.

६० ठेवली. पोकेमॉनमध्ये हिप्नॉसिसचा नेम २००६ च्या डायमंड-पर्लमध्ये ६० वरून ७० केला होता आणि २००८ च्या प्लॅटिनममध्ये पुन्हा ६० वर आणला. दहा टक्क्यांनी झोपेची चाल किती हाताबाहेर जाते याचा तो चांगला दाखला आहे.

जोडीला नियम: एका चमूतला एकच जीव एका वेळी झोपलेला असू शकतो. हा नसेल तर ६० सुद्धा जास्त.

२५ मे

ऊन. भुसावळ ते यावल पट्ट्याच्या नकाशावर दिवसा कायम ऊन असतं, आणि ते तसंच राहायला हवं. पण उन्हात आगीच्या चालींना दीडपट मिळतं, त्यामुळे ९ मेला बसवलेला वणवा त्या सगळ्या पट्ट्यात ३४ ते ४० मारतो आणि दोन फटक्यांत नक्की पाडतो. केळबा तर त्याच भागात सापडतो आणि पाल्यावर आग दुप्पट. एका फटक्यात ६८ ते ८०. म्हणजे खेळणारा जीव पकडायला जातो आणि जीव पकडण्याआधीच पडतो.

गुणक बदलून पाहिला, साध्या प्रकारासमोर, ताकद ८०:
१.५: दोन फटक्यांत १०० टक्के.
१.२: ६४.८ टक्के.
१.१: २५६ मध्ये एकदा. म्हणजे नाहीच.

१.२ घेतला. यातून एक चांगली गोष्ट निघाली. मोजपट्टीवर ७० आणि ८० सारख्याच होत्या, पण १.२ च्या उन्हात ७० ची चाल जास्तीत जास्त २८ देते आणि तीनच फटके घेते, ८० ची बऱ्याचदा दोनात उरकते. सपाट वाटणाऱ्या त्या टप्प्यात फरक पाडायचा तर असा: परिस्थितीने, ताकदीचे आकडे रेटून नाही. पावसासाठीही १.२.

केळबासाठी वेगळी तजवीज: त्या पट्ट्यात पहिल्या भेटीत खेळणाऱ्याकडे वणवा नसेल असं शिकण्याच्या पातळ्यांवरून पाहिलं. निखारा मात्र असतो. त्याने एका फटक्यात ५८ च्या आसपास जाऊ शकतो का ते पाहिलं: २२ ला उन्हात २६, दुप्पट ५२. नाही जात. ठीक.

केळबावर वारा दुप्पट आहे तो तसाच. केळीचं खोड खरं खोड नसतं, पानांच्या देठांचे थर असतात, म्हणून वादळी वाऱ्यात उभी बाग आडवी होते. हे रावेर-यावलच्या कुठल्याही खेळणाऱ्याला समजावून सांगावं लागत नाही.

२९ मे

पिंगळीची 'झडप'. वारा, ताकद ४०, नेहमी आधी लागते. तिला 'रात्री दीडपट' जोडलेलं होतं. काढलं.

पिंगळी बेतली आहे रानपिंगळ्यावर. हा पक्षी १८८४ नंतर खात्रीने कोणाला सापडला नव्हता आणि १९९७ मध्ये आताच्या नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ पुन्हा दिसला. तो दिवसा वावरतो, दिवसाच शिकार करतो. घुबड म्हणजे रात्र हे आपण न तपासता धरलं होतं. ज्याच्यामुळे सातपुड्याचं नाव पक्षीअभ्यासकांच्या तोंडी आलं त्याचाच स्वभाव खेळात चुकीचा दाखवायचा हे बरं नाही.

ताकद ४० योग्य आहे. नुकसान १२ ते १५. ८० ताकदीच्या दोन फटक्यांनंतर समोरच्याकडे ४ ते १४ उरतात. झडप ते बहुतेक वेळा संपवते आणि समोरच्याला शेवटची फेरी मिळत नाही. ५० केली तर १५ ते १८, म्हणजे कायमच संपवते. ते नको.

२ जून

लढाईतले संदेश. चालींची नावं बदलताना व्याकरण मोडलं: 'तापोरीने महापूर वापरली', 'घोरप्याने गोफण वापरला'. मराठीत क्रियापद चालीच्या लिंगाप्रमाणे फिरतं, म्हणून तक्त्यात लिंगाचा रकाना सक्तीचा केला. रिकामा असेल तर खेळ तयारच होणार नाही. अहिराणी निवडली तरी हाच रकाना चालतो: लागना, लागनी, लागनं.

'ने' लावताना जीवाच्या नावाचं रूप बदलतं तेही आहे (घोरप्या, घोरप्याने, केळबा, केळबाने की केळब्याने?). सामान्यरूप प्रत्येक जीवापुढे हाताने लिहिलं. २४ च आहेत, प्रोग्रामावर सोपवण्यात अर्थ नाही.

५ जून

जुनी जतन केलेली खेळी उघडली तर तापोरीकडे महापुराच्या जागी दरड. तक्त्यात मध्येच दोन चाली घातल्या आणि पुढच्या सगळ्यांचे क्रमांक सरकले. जतन करताना आपण क्रमांक लिहीत होतो.

आता प्रत्येक चालीला न बदलणारी खूण (अक्षरी), आणि जतन तीच होते. दिसणारं नाव वेगळं, ते हवं तेव्हा बदला. जुन्या खेळींसाठी एकदाच चालणारा रूपांतर-तक्ता, जुना क्रमांक ते नवी खूण. काढून टाकलेली चाल सापडली तर तिच्या जागी त्या जीवाची पातळीप्रमाणे शेवटची शिकलेली चाल.

८ जून

समोरच्या चमूची निवड. संगणक सर्वांत मोठी ताकद पाहून चाल निवडत होता, त्यामुळे २० दिसणारी गोफण त्याने कधीच वापरली नाही आणि महापूर चुकत असूनही सोडला नाही.

नवी पद्धत: प्रत्येक चालीचं अपेक्षित नुकसान त्याच सूत्राने काढायचं (दगड असतील तर गुणिले ३), त्याला नेमाने गुणायचं. दोन चाली समोरच्याला पाडू शकत असतील तर ज्या चालीचा नेम चांगला ती घ्यायची. समोरचा आधी हलणार असेल आणि झडपेने तो पडत असेल तर झडप.

या नियमाने महापूर १.४३ फेऱ्यांमागे एकदा लागतो हे संगणकालाही कळतं, आणि शेवटचे १० उरले असताना तो महापूर टाकत नाही.

उरलेलं: 'वावटळ' दोन फेऱ्यांची ठेवायची की एका फेरीची, काळोखाच्या चाली अजून मोजपट्टीवर घेतलेल्या नाहीत, ५७६ जोड्यांची फेरी नव्या आकड्यांवर चालवायची. पुढची नोंद तिच्या निकालावर.